धाब्याखालची हवा

पार्बताबाई घाबरट आहे, असं आमच्या आळीत सगळे म्हणायचे. ते अर्धंच खरं होतं. साप, विंचू, पोलीस यांना ती भ्यायची नाही. मोर्णेला पूर आला की बाकीचे गाठोडी बांधायला लागायचे आणि ही काठावरच्या मळ्यात उरलेली मेथी खुडायला जायची. तिला भीती होती ती न दिसणाऱ्या गोष्टींची. दृष्ट, शाप, राहून गेलेला नवस, तोंडातून निघालेला वाईट शब्द. मुलगा चाकरीला निघाला तर 'जातो' म्हणू द्यायची नाही, 'येतो' म्हणून घ्यायची आणि तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत दारात उभी राहायची.

ती माळ्याची. माहेर अमरावतीचं, दिलेली अकोल्यात. नवरा तापात गेला तेव्हा मुलगा जानराव पदराला धरून चालत होता. फुलं आणि पालेभाजी विकून तिने त्याला वाढवलं. घर धाब्याचं होतं, म्हणजे लाकडी सऱ्यांवर माती अंथरून केलेलं सपाट छप्पर. उन्हाळ्यात थंड, पण हवा कोंडली तर कोंडलेलीच. कॉमर्सची परीक्षा देऊन मी अमरावतीहून अकोल्याच्या एका सहकारी बँकेत लागलो आणि तिच्या बाजूच्या खोलीत भाड्याने राहू लागलो. मधल्या खोलीत ती आणि तिचे देव. रस्त्यावरची खोली ओमप्रकाश नावाच्या दुकानदाराने घेतली होती. तिथे बॅटऱ्या चार्ज होत.

ती लढाईची वर्षं होती. ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्याकडे वीज असेच असं नाही, आणि लॉऱ्या, मोटारी, सभांचे लाउडस्पीकर सगळे बॅटरीवर चालत. मागच्या अंगणात टिनाच्या छपरीखाली ऑइल इंजिन होतं. ते डायनामो फिरवी आणि तिथून दोन जाड तारा दुकानात जात. हे सगळं सांभाळायचा नत्थुजी. उंच, सडपातळ, बोलका. त्याची डावी भुवई नव्हती. कोणी विचारलं तर म्हणायचा, "बॅटरीनं मुका घेतला."

जानराव आधी जिनिंग फॅक्टरीची लॉरी चालवत असे. मग फौजेत ड्रायव्हर म्हणून भरती झाला आणि पूर्वेकडे, ब्रह्मदेशाच्या बाजूला गेला. त्याची पत्रं मीच पार्बताबाईला वाचून दाखवायचो. चव्वेचाळीस सालच्या पोळ्यापासून पत्रं यायची थांबली.

त्याच सुमारास एका दुपारी ती नत्थुजीच्या दारात उभी राहून त्याचं काम पाहत होती. तो बॅटऱ्यांची झाकणं काढून काचेच्या बरणीतलं पाणी एकेका भोकात ओतत होता.

"नत्थुभाऊ, कालच तं पाजलं होतं. येवढं पानी पेते कोन?"

"पेत नाई माय, फोडते."

"पानी कायचं फुटते? मडकं फुटते."

नत्थुजीला असं कोणी म्हटलं की राहवत नसे. त्याने एक काचेचा ग्लास घेतला, पाणी भरलं, त्यात तेजाबाचे, म्हणजे ॲसिडचे, दोन थेंब टाकले. नुसत्या पाण्यातून वीज नीट जात नाही, तेजाबाने तिला वाट होते, असं त्याने सांगितलं. मग बॅटरीला जोडलेल्या दोन तारांची टोकं, ज्यांना त्याने शिशाच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या, पाण्यात एकमेकांपासून दूर धरली. दोन्ही पट्ट्यांवर बारीक बुडबुडे फुटू लागले. एकीवर भराभर, दुसरीवर सावकाश.

"हे पाय. पानी म्हंजे दोन हवा, एकमेकीच्या गळ्यात गळा घालून बसलेल्या. इजेनं त्यायचा गळा सुटला. ही जास्त निंगून रायली, दुप्पट. हायड्रोजन मन्तात तिले. अन् हे कमी, आक्सिजन. आपुन जे सासात घेतो थे."

"अन् पयली?"

"पयली जळते. दुसरी जाळाले मदत करते. भांडल्या बायका, दोघी एका घरात!"

त्याने पाण्यात साबण कालवला, वर फेस जमू दिला, तारा बाहेर काढल्या, बॅटरी लांब सरकवली आणि हात लांब करून फेसाला काडी लावली. फटाक्यासारखा कडाका झाला. ग्लासाला तडा गेला. पार्बताबाई मागे सरकली ती थेट अंगणात.

नत्थुजी हसत होता, पण मग नीट सांगू लागला. बॅटरी भरत असते तोवर वीज तिच्या पोटात राहते. पूर्ण भरली की विजेला आत काम उरत नाही, मग ती पाणी फोडत बसते. बॅटरी सळसळते ती त्यामुळे. आणि ही जळणारी हवा सगळ्या हवांत हलकी, ती वर जाते, छपराला जाऊन चिकटते. वर वाट असली तर निघून जाते. म्हणून तो बिडीसुद्धा अंगणात जाऊन ओढायचा.

"अन् वर वाट नसली तं?"

नत्थुजीने उघड्या कपाळावरून बोट फिरवलं. "मंग मुका."

त्या दिवसापासून तिच्या भीत्यांत ही एक वाढली. रात्री भिंतीपलीकडे बॅटऱ्या सळसळल्या की ती उठून बसायची. दिसत नाही, वास नाही, रंग नाही, आणि घरात आहे! अशी वस्तू तिच्या समजुतीप्रमाणे एकाच जातीची असू शकत होती.

नवरात्र आलं. तिच्याकडे घट दरवर्षी बसत, पण अखंड दिवा कधी नव्हता. त्या वर्षी तिने अंबादेवीला नवस बोलून जानरावाच्या नावाने तो लावला. नऊ दिवस दिवा विझू द्यायचा नाही, घट हलवायचा नाही, दिवा जागेवरून काढायचा नाही. उंदरामांजराच्या भयाने तिने पितळेचा लामणदिवा साखळीने सरीला टांगला, डोक्याहून बराच वर. तेल घालायला बाजेवर चढावं लागे.

शेजारची तानुबाई पहिल्याच दिवशी येऊन सांगून गेली, "पारबते, लावला तं लावला, पन विझू देऊ नको व माय. ज्याच्या नावानं लावते ना, त्याच्याच जिवावर येते."

हे सांगायची काही गरज नव्हती. पार्बताबाईने नीज सोडली. फुलांच्या टोपल्या घेऊन बाजारात जायचं बंद केलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वारं सुटलं. देवाच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीत, अगदी वर, एक झरोका होता. त्यातून झोत येऊन ज्योत आडवी व्हायला लागली. तिने मला बोलावलं नाही, कोणाला विचारलं नाही. बाजेवर चढून झरोक्यात पोत्याचा बोळा गच्च कोंबला. खिडकी लावून घेतली. ज्योत सरळ झाली. तिला हायसं वाटलं.

इथे घराची एक गोष्ट सांगायला हवी. तिची खोली आणि दुकान यांच्यामधली भिंत धाब्यापर्यंत गेलेली नव्हती. सऱ्यांखाली हातभर जागा मोकळी होती. दुकानातली हवा आजवर त्या जागेतून तिच्या खोलीत यायची आणि झरोक्यातून बाहेर जायची. ते बाकी कोणाच्या ध्यानातही नव्हतं. नत्थुजीला तो झरोका ठाऊक होता, पण तेजाब लागलेले कपडे घालून तो घटाच्या खोलीत पाऊल टाकत नसे. त्यामुळे बोळा त्याने पाहिला नाही.

अष्टमीला बँकेला सुट्टी होती. अमरावतीला दसऱ्याच्या सभा होत्या. तिकडच्या लाउडस्पीकरांच्या बॅटऱ्या ओमप्रकाशने घेतल्या होत्या, शिवाय लॉऱ्यांच्या होत्याच. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या एकदम चार्जिंगला लावून नत्थुजी पहिली खेप स्टेशनवर पोचवायला गेला. चोरी होईल म्हणून ओमप्रकाशने रस्त्याकडची खिडकी लावायला सांगितली होती, ती लावून, बाहेरून कुलूप घालून गेला. इंजिन चालूच होतं.

दुपार कलत होती. मी खोलीत वाचत पडलो होतो. बाहेर बायकांचा गलका ऐकू आला. तानुबाईचा आवाज सगळ्यांच्या वर.

"या व या! पारबतीवर देवी परसन्न झाली! जोत पाहा कशी वाढली!"

आळीतल्या बायका हळदीकुंकवाची ताटं घेऊन आत शिरत होत्या. कोणी लहान मूल काखेत घेऊन आलेली. मी उठलो नाही, कारण बायकांच्या त्या गर्दीत माझं काम नव्हतं. एवढ्यात पार्बताबाईच माझ्या दाराशी आली. तिचा चेहरा पाहून मी ताडकन उभा राहिलो.

"भाऊ, जरा दारातून पाहा."

मी उंबऱ्यातून पाहिलं. लामणदिव्याची ज्योत नेहमीच्या दीडपट उंच झाली होती. तिच्याभोवती फिकट निळसर टोपी असावी तसं काही दिसत होतं. पाहिलं की दिसे, पुन्हा पाहिलं की नसे. बायका हात जोडून माना वर करून उभ्या होत्या.

"तेल थेच," पार्बताबाई कुजबुजली, "वात थेच. आठ दिवस मी हिच्याकडं पाहून रायली, भाऊ. ही मायी जोत नाई. हिले कोनीतरी दुसरंच खाऊ घालून रायलं."

आणि तेव्हा मला भिंतीपलीकडचा आवाज ऐकू आला. इंजिनाच्या ठोक्यांखाली, तव्यावर पाणी शिंपडावं तसा, पण न थांबणारा. सगळ्या बॅटऱ्या एकदम सळसळत होत्या. मी वर पाहिलं. झरोक्यात पोतं. नत्थुजीचा तो तडकलेला ग्लास आठवला. तो ग्लास होता. ही खोली होती.

"झरोका," एवढंच मी म्हणालो.

तिने वर पाहिलं. तिला सगळं कळलं. आपणच बोळा कोंबला, तोही दिवा वाचवायला, हे तिच्या डोळ्यांत मला दिसलं.

"पोतं काढतो," मी म्हणालो.

"दिव्याच्या वरून हात घालसान? तोवर?" ती म्हणाली. "आधी बायका. लेकरं हायेत अंदर."

ती आत गेली. "बायाहो, अंगनात चला. ओटी अंगनात भरू."

"अंगनात?" तानुबाई म्हणाली. "देवी अंदर अन् ओटी बाहेर? डोकं फिरलं का व तुयं?"

"उकडते अंदर."

"उकडू दे. रोज थोडीच दिसते असं."

कोणी हललं नाही. उलट दोघी पुढे सरकून दिव्याखाली बसल्या. एकीने कापूर काढला. ताटात ठेवून पेटवायला काडी मागू लागली.

हवेची गोष्ट त्या वेळी कोणाला सांगणार? सांगितली असती तर 'कायची हवा', 'कोन मन्ते' यातच वेळ गेला असता. पार्बताबाई उंबऱ्याशी आली, दाराची चौकट धरली आणि असं ओरडली की इंजिनाचा आवाज क्षणभर ऐकू आला नाही.

"सुतक आलं! निंगा! सुतक आलं माह्या घरात!"

घट बसलेल्या घरात, अष्टमीला, अखंड दिव्यासमोर हा शब्द! बायका किंचाळत उठल्या. ताटं पडली. मुलं उचलून, पदर सावरत, एकमेकींना ढकलत सगळ्या अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर गेल्या. शेवटी तानुबाई निघाली. तिने भिंतीवरच्या जानरावाच्या फौजी फोटोकडे पाहिलं आणि विचारलं, "कोनाचं व माय?"

पार्बताबाईने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता.

मी अंगणात धावलो आणि इंजिनाचं तेल बंद केलं. दुकानाला कुलूप होतं, त्यामुळे आतला विजेचा खटका बंद करायची सोय नव्हती, आणि नत्थुजीने बजावलं होतं की सळसळत्या बॅटरीचा चिमटा काढला की ठिणगी उडते. इंजिन धापा टाकत थांबलं. वळून पाहिलं तर पार्बताबाई परत आत जात होती.

"बाई, बाहेर या!"

"मंग दिवा कोन शांत करीन?"

ती बाजेवर चढली. आमच्याकडे दिवा फुंकत नाहीत. तिने घटावरच्या माळेतून झेंडूचं एक फूल तोडलं होतं. ते धरलेला हात खाली-वर होत होता, आणि साखळीला नुसता धक्का लागला असता तरी दिवा हलून ज्योत वर उडाली असती. तिने दुसऱ्या हाताने आपलं मनगट धरलं. मी दारातून पाहत होतो. तिने फूल ज्योतीवर टेकवलं. चुर्र झालं. खोली काळी झाली.

काहीच झालं नाही.

मी बाहेरून बांबूने ढोसून पोतं आत पाडलं, खिडकी उघडली. ती अंधारात बाजेवर तशीच उभी होती. मी हात धरून तिला खाली उतरवलं.

नत्थुजी आला तेव्हा त्याला सांगितलं. तो दुकानाचं कुलूप काढायला गेला आणि किल्ली न लावताच मागे फिरला. ओट्यावर बसला. म्हणाला, "माय, उद्या आळीत कोनी उरलं नसतं." यात तो एरवी काहीतरी गंमत घालायचा, ती त्या दिवशी घातली नाही. पुढच्याच आठवड्यात ओमप्रकाशशी भांडून त्याने दुकान मोटार स्टँडकडे, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये हलवलं.

पण जे झालं नाही त्याला साक्षीदार नसतात. आळीने पाहिलं ते एवढंच. अखंड दिवा पार्बताबाईने स्वतःच्या हाताने विझवला, आणि सुतक आलं असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. संध्याकाळपर्यंत जानराव लढाईत गेला ही बातमी पलीकडच्या आळीत पोचली. लोक भेटायला येऊ लागले. ओट्यावर बसायचे, उसासे टाकायचे, उठून जायचे. मी सांगत होतो की तार आलेली नाही, काही आलेलं नाही. लोक मान हलवायचे. बाई लपवते आहे, असं त्यांच्या नजरेत असायचं.

"तुम्ही सांगा ना त्यांना," मी तिला म्हणालो. "बायकांना बाहेर काढायला बोललात म्हणून."

"सांगीन, भाऊ. त्याचं पत्र येऊ द्या. मंग सांगीन." आणि थोड्या वेळाने, "नाई आलं तं काय सांगू? खोटं होतं मनू? अन् खोटं नसलं तं?"

तो हिवाळा तिने कसा काढला ते मी पाहिलं. पोस्टमनची सायकल आळीत वळली की ती आत जाऊन दार लावून घ्यायची. आपण दिवा विझवला तेव्हा तिकडे कोणती वेळ असेल, हे तिने मला कितीदा विचारलं. फुलांच्या माळा ओवताना सुई बोटात घुसायची. खाणं तुटलं. पौषात एक कार्ड आलं, आसामातल्या कुठल्याशा इस्पितळातून. कोणीतरी हिंदीत लिहिलेलं, जानरावाला ताप आहे, हात बरा नाही म्हणून दुसऱ्याकडून लिहवतो. मी मोठ्याने वाचलं. तिने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं.

"अक्षर त्याचं नाई."

"बाई, लिहिलंय ना, दुसऱ्याकडून."

"हाव. दुसऱ्याचंच हाये." तिने ते देवाजवळ ठेवलं, पण आळीत कोणाला सांगितलं नाही.

पंचेचाळीसच्या ज्येष्ठात, भर सकाळी, रस्त्यावर तानुबाईची किंकाळी ऐकून मी बाहेर आलो. ती वांग्यांची टोपली टाकून घरात पळाली होती. वांगी रस्त्यावर गडगडत होती आणि त्यांच्या मधोमध खांद्यावर फौजी पिशवी घेतलेला, पिवळा पडलेला, हाडं निघालेला जानराव उभा होता.

"काय झालं वो काकू? लढाईवरून आलो, भीक मांगाले नाई आलो!"

तो अंगणात आला. पार्बताबाई जमिनीवर बसून मोगरा ओवत होती. ती उठली नाही. त्याच्याकडे पाहत राहिली, मग पायांकडे, मग जमिनीवर पडलेल्या त्याच्या सावलीकडे.

"माय, हे काय हाये? नाक्यावरचा पानवाला रडून रायला, काकू पळून गेली. मले कोनं मारलं?"

"म्या," पार्बताबाई म्हणाली.

त्याला वाटलं ती चेष्टा करते. हसत तिच्याजवळ बसला. तेव्हा तिने सगळं सांगितलं. दिवा, पोतं, बायका, तो शब्द, फूल. ती मान खाली घालून सांगत होती, एखाद्या गुन्ह्याची जबानी द्यावी तसं. जानराव अजून हसतच होता. मग त्याने मला विचारलं, "भाऊ, किती बॅटऱ्या लावल्या होत्या नत्थुभाऊनं?"

"दुकान भरून."

"अन् खिडकी बंद?"

"बंद."

त्याचं हसू गेलं. तो लॉरीचा माणूस होता. त्यांच्या डेपोत एक चार्जिंगची शेड होती. रात्री कोणीतरी आत कंदील घेऊन गेलं. सकाळी शेडचे पत्रे पलीकडच्या शेतातून वेचून आणावे लागले. आणखी काय वेचून आणावं लागलं ते त्याने सांगितलं नाही.

"अन् तू अंदर परत गेली?" तो म्हणाला. "बाजेवर चढली? माय, तू अंदर होती?"

त्याने पाण्याचा तांब्या उचलला आणि पुन्हा खाली ठेवला, कारण पाणी हिंदकळून त्याच्या पायांवर सांडत होतं. लढाईतून आलेला तो माणूस आपल्याच अंगणात, भर उन्हात, थरथरत होता.

पार्बताबाईने ओवती माळ बाजूला ठेवली. त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन दाबून धरले. मग ती उठली, रस्त्यावर गेली आणि तानुबाईच्या बंद दारासमोर उभी राहून, आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, घडलं होतं ते सगळं सांगू लागली.